लॉगबुकावरची सही आणि वॉर्डचे घड्याळ: नर्सिंग महाविद्यालयातील क्लिनिकल पोस्टिंगविषयी

शुश्रूषा (धागाकर्ती)

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवते आणि दोन वर्षांपासून प्राचार्यांच्या मदतीला क्लिनिकल समन्वयक (विद्यार्थ्यांच्या रुग्णालयातल्या प्रत्यक्ष शिक्षणाची, म्हणजे पोस्टिंगची, आखणी पाहणारी) म्हणूनही काम पाहते. वर्गातले तास चालू आहेतच. शिवाय कोणती तुकडी कोणत्या आठवड्यात कोणत्या वॉर्डात जाईल याचा मास्टर रोटेशन प्लॅन आखणे, रुग्णालयाच्या मेट्रनशी (परिचारिकांच्या प्रमुखाशी) बोलणे, शिक्षकांच्या पाळ्या लावणे, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वेळेत भरून घेणे आणि तपासणी समिती येणार असली की फायली उभ्या करणे ही कामे माझ्याकडे आहेत. एका प्रसंगामुळे मला माझ्या कामाकडे नव्याने पाहावे लागले, म्हणून हा धागा काढत आहे.

मेडिसिन वॉर्डात सकाळची वेळ होती. पाचव्या सत्रातील एक विद्यार्थिनी एका मधुमेही आजोबांसाठी इन्सुलिन भरत होती. केस पेपरवर 10 युनिट लिहिले होते. तिच्या हातातील कुपी 40 युनिट प्रति मिली अशी होती आणि सिरिंज मात्र नारिंगी टोपणाची, म्हणजे 100 युनिटच्या कुपीसाठी असलेली होती. तिने आत्मविश्वासाने दहाच्या खुणेपर्यंत औषध ओढले, बुडबुडा काढला आणि ती खाटेकडे निघाली. मी तिला थांबवून विचारले, ‘किती युनिट भरलेस?’ ती म्हणाली, ‘दहा.’ प्रत्यक्षात त्या सिरिंजमध्ये 0.1 मिली औषध होते, म्हणजे जेमतेम 4 युनिट. आजोबांची साखर त्या दिवशी उतरली नसती आणि डॉक्टरांनी कदाचित मात्रा वाढवली असती. पण हीच चूक उलट झाली असती, म्हणजे 100 ची कुपी आणि लाल टोपणाची 40 ची सिरिंज एकत्र आली असती, तर दहाच्या खुणेला 25 युनिट गेले असते आणि त्याचा परिणाम काय झाला असता हे येथील परिचारिकांना सांगायला नको.

मी तिला तेथेच कुपीवरचे लेबल आणि सिरिंजवरची खूण शेजारी शेजारी धरून वाचायला लावले, लाल टोपणाची सिरिंज मागवली आणि इंजेक्शन माझ्यासमोर द्यायला सांगितले. दुपारी महाविद्यालयात परतल्यावर मी तिचे लॉगबुक, म्हणजे शिकलेल्या प्रक्रियांची नोंदवही, काढून पाहिले. ‘त्वचेखाली इन्सुलिन देणे’ या प्रक्रियेसमोर ‘स्वतंत्रपणे केले’ अशी नोंद होती आणि तिच्यापुढची सही माझी होती.

ती सही मी कधी केली हे मला नीट आठवते. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या टेबलावर साठ लॉगबुकांचा गठ्ठा होता, परीक्षेचे अर्ज भरायला दोन दिवस उरले होते आणि मी पान उलटत, सही करत पुढे गेले होते.

आता थोडे व्यवस्थेबद्दल. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सुधारित अभ्यासक्रमाची अधिसूचना जुलै 2021 मध्ये राजपत्रात आली आणि वार्षिक पद्धत जाऊन आठ सत्रांची श्रेयांक (क्रेडिट) पद्धत आली. तीत थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास, प्रयोगशाळेचा एक श्रेयांक म्हणजे दोन तास आणि क्लिनिकलचा एक श्रेयांक म्हणजे चार तास असा हिशेब आहे. थिअरीला 80 टक्के हजेरी चालते. क्लिनिकलची मात्र पदवी मिळण्यापूर्वी 100 टक्के भरावी लागते. नियम करणाऱ्यांनी वॉर्डातल्या शिक्षणाला किती वजन दिले आहे ते यावरून दिसते. शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण एकास दहा असावे असाही दंडक आहे. म्हणजे साठ जागांच्या महाविद्यालयात चार वर्षांचे मिळून 240 विद्यार्थी आणि त्यांना 24 शिक्षक. पण त्या चोवीसांपैकी कोणी त्या वेळी वर्गात असतो, कोणी रजेवर, कोणी परीक्षेच्या कामावर आणि कोणी फायली लिहीत बसलेला. सकाळी दहा वाजता विद्यार्थिनीच्या शेजारी, रुग्णाच्या खाटेपाशी, प्रत्यक्षात किती शिक्षक उभे असतात हे मी दोन आठवडे मोजून पाहिले, आणि तो आकडा पाहून मला झोप लागली नाही.

तेव्हा येथील जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लॉगबुकावर सही करायची नाही हा नियम आपापल्या महाविद्यालयात कोणी खरोखर पाळला आहे का, आणि पाळला असेल तर त्यासाठी वेळापत्रकात नेमके काय हलवावे लागले? वर्गात कसे शिकवावे यावर आपण पुष्कळ बोलतो. मला कार्यक्रम कसा चालवावा यावर बोलायचे आहे.

सोलापूरची सिस्टर

शुश्रूषा मॅडम, मी शिक्षिका नाही. मी बावीस वर्षे वॉर्डात आहे आणि सध्या सर्जिकल वॉर्डची इन-चार्ज आहे. आमच्याकडे दोन-तीन महाविद्यालयांच्या मुली पोस्टिंगला येतात, म्हणून जे रोज दिसते ते लिहिते.

आमची सकाळची पाळी आठला सुरू होते. आठला रात्रीच्या सिस्टरकडून खाटेखाटेपाशी जाऊन हँडओव्हर (प्रत्येक रुग्णाची माहिती) घ्यायचा, लगेच बेडमेकिंग, व्हायटल्स (ताप, नाडी, रक्तदाब), मग सकाळची इंजेक्शने आणि गोळ्यांचा राउंड, मग डॉक्टरांचा राउंड, त्यात ड्रेसिंग. महाविद्यालयाची बस सव्वानऊला येते. मुली हजेरी देऊन, ॲप्रन घालून वॉर्डात पोहोचेपर्यंत साडेनऊ होतात. त्यांच्या हाताला लागण्यासारखे जवळजवळ सगळे काम तोवर उरकलेले असते. मग त्या काय करतात? ड्युटी रूममध्ये नाहीतर रिकाम्या खाटेवर बसून केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) लिहितात. साडेबाराला परतीची बस. तुमच्या कागदावर ते क्लिनिकलचे तास म्हणून पूर्ण भरतात.

मुलींना आम्ही हात लावू देत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते, म्हणून त्याबद्दलही लिहिते. माझ्या औषधांच्या ट्रॉलीवर पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्यूल असते. 10 मिलीत 20 मिलिइक्विव्हॅलंट (क्षाराचे प्रमाण मोजण्याचे एकक). ते पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. ज्या मुलीने काय पाहिले आहे, काय केले आहे हे मला ठाऊक नाही, जिची शिक्षिका चार वॉर्ड सांभाळत दुसऱ्या मजल्यावर आहे, तिच्या हाती ती ट्रॉली मी कशी देऊ? काही विपरीत घडले तर जबाब माझा होतो. तुम्ही मुलीबरोबर शिक्षिका उभी करा, मी माझी ट्रॉली उघडून देते. आणि बस दीड तास अलीकडे आणा. या एका बदलाने जे होईल ते दहा कार्यशाळांनी होणार नाही.

कोकणातली ट्यूटर

धागा वाचून बरे वाटले, पण मला एक अडचण मांडायची आहे आणि ती टाळून पुढे जाता येईल असे मला वाटत नाही.

मी एका लहान महाविद्यालयात ट्यूटर (कनिष्ठ शिक्षिका) आहे. एका पोस्टिंगला माझ्याकडे अठरा मुली असतात आणि त्या तीन वॉर्डांत विभागलेल्या असतात. पाहिल्याशिवाय सही नाही असे मी उद्यापासून ठरवले, तर सत्राच्या शेवटी निम्म्या मुलींची लॉगबुके अपुरी राहतील, त्यांचे परीक्षेचे अर्ज अडतील आणि त्यांतल्या बऱ्याच मुलींचे आईवडील शेतमजुरी करून, कर्ज काढून फी भरणारे आहेत. शिक्षक कमी नेमले संस्थेने, वेळापत्रक चुकीचे आखले व्यवस्थापनाने आणि वर्ष वाया जाणार त्या मुलीचे. माझ्या सचोटीची किंमत तिने मोजावी हे मला न्याय्य वाटत नाही. दुसरे असे की, ट्यूटरचा पगार आणि नोकरीची शाश्वती पाहता ‘मी सही करणार नाही’ असे म्हणण्याची ताकद किती जणींत आहे? समन्वयक म्हणून तुम्ही ते म्हणू शकता. मी म्हटले तर पुढच्या जूनमध्ये माझ्या जागी दुसरी असेल.

शुश्रूषा

सोलापूरच्या सिस्टर, बसची वेळ हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमची बस पावणेनऊला निघते, कारण ती आधी शहरातल्या दुसऱ्या शाखेच्या मुलांना सोडते. म्हणजे माझ्या विद्यार्थिनी काय शिकणार हे इतकी वर्षे बसचा चालक आणि वाहतूक विभाग ठरवत आले आहेत.

ट्यूटर ताई, तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते. नियम असा हवा की ज्याचा भार विद्यार्थिनीवर पडणार नाही. अपुरी प्रक्रिया सत्राच्या शेवटच्या दिवशी उघडकीला आली तर अर्ज अडतो. तीच सहाव्या आठवड्यात दिसली तर तिला त्या वॉर्डात परत पाठवता येते. म्हणून लॉगबुक दर शनिवारी पाहायचे, सत्राअखेरीस नाही. आणि तरीही काही राहिले तर ते ‘राहिले’ असे लिहून पुढच्या सत्रात, सुट्टीतल्या पोस्टिंगमध्ये किंवा आठव्या सत्राच्या इंटर्नशिपमध्ये भरून काढण्याची लेखी तरतूद प्राचार्यांच्या सहीने असावी. रिकामी जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवण्याची मुभा वरून मिळाली पाहिजे, ती ट्यूटरच्या धैर्यावर सोडता कामा नये. हे माझ्या पदाचे काम आहे आणि मी ते केले नव्हते.

लीड्सवासी

मी लातूर जिल्ह्यात जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) आणि नंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. (पदविकेनंतरची पदवी) केले, आणि आता काही वर्षे इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात काम करते. येथे विद्यार्थ्यांची देखरेख मीही करते, म्हणून तुलनेसाठी लिहिते. इकडचे सगळे चांगले असे मला मुळीच म्हणायचे नाही.

येथील नर्सिंग कौन्सिलने 2018 मध्ये नवे निकष आणले. त्यांनुसार वॉर्डात विद्यार्थ्याला रोज शिकवणारी व्यक्ती वेगळी आणि त्याला येते की नाही हे ठरवणारी व्यक्ती वेगळी. दोघीही बहुधा वॉर्डातल्याच परिचारिका असतात आणि विद्यापीठाचा एक शिक्षक त्यांच्याशी जोडलेला असतो. अभ्यासक्रमाच्या 4600 तासांपैकी निम्मे प्रत्यक्ष कामाचे, आणि त्या तासांत विद्यार्थ्याला वॉर्डच्या मनुष्यबळात धरायचे नाही असा नियम आहे. तरीही मनुष्यबळ कमी असलेल्या दिवशी विद्यार्थी कामाला जुंपला जातोच आणि शिकणे बाजूला राहते.

पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. सही वॉर्डातल्या परिचारिकेची असते. सोलापूरच्या सिस्टर ज्या मुलीला आठ दिवस पाहतात, तिच्याबद्दल त्यांना जे कळते ते महाविद्यालयातल्या कोणाला कळणार? आपल्याकडे त्यांचे मत विचारलेच जात नाही. मी विद्यार्थिनी असताना ज्या इन-चार्ज सिस्टरने मला रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) टाकायला शिकवले, रुग्णाला गिळायला सांगत सांगत नळी कशी पुढे सरकवायची ते माझा हात धरून दाखवले, त्यांचे नाव माझ्या कोणत्याही कागदावर नाही.

चौथ्या वर्षाचा विद्यार्थी

मी येथे वाचक आहे, पण हा विषय आमचाच आहे म्हणून लिहितो. चूक झाल्यास क्षमा करावी.

शिक्षक समोर उभे राहिले की हात थरथरतो, हे खरे आहे. तरीही ते उभे राहावेत असेच आम्हाला वाटते. दुसऱ्या वर्षी सलाईनचे थेंब काढण्याचे गणित मला परीक्षेत पूर्ण गुण देऊन गेले होते. पहिल्यांदा वॉर्डात एका आजींना 500 मिली सलाईन चार तासांत लावायचे होते. मी मनात 1 मिलीला 20 थेंब पाडणारा सेट (सलाईनची नळी) धरून मिनिटाला 42 थेंब असे उत्तर काढले आणि घड्याळ लावून मोजत बसलो. शेजारच्या ब्रदरनी सेटचे पाकीट माझ्या हातात दिले. त्यावर 1 मिलीला 15 थेंब असे छापले होते, म्हणजे 31 हवे होते. पाकीट वाचायचे असते हे मला पुस्तकातून कळले नव्हते. त्या दिवसानंतर मी पाकीट वाचल्याशिवाय सेट फोडत नाही.

आमच्या लॉगबुकाविषयी सांगायचे तर आम्ही ते रात्री वसतिगृहात एकमेकांचे पाहून भरतो. केअर प्लॅनही तसेच. दर पोस्टिंगला इतके लेखन असते की रुग्णाशी बोलण्यापेक्षा ते पूर्ण करण्याची घाई असते. आणि मुलांची एक वेगळी अडचण आहे. प्रसूती विभागाच्या पोस्टिंगमध्ये आम्हाला बऱ्याच वेळा लेबर रूमच्या बाहेरच थांबवतात. अभ्यासक्रम आम्हालाही तोच आहे आणि परीक्षाही तीच आहे. मग आमच्या लॉगबुकात प्रसूतीच्या नोंदी कशा भरल्या जातात हे वेगळे लिहायला नको.

निवृत्त प्राचार्या

या धाग्यावर लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण ज्या फायलींचा येथे उल्लेख झाला, त्या लिहून घेणारी मीच होते.

तपासणीत समिती कागद मागते, कारण एका दिवसात तिला कागदच पाहता येतो. विद्यापीठाची समिती वेगळी, कौन्सिलची वेगळी, आणि प्रत्येकीचे नमुने वेगळे. त्यामुळे तपासणीच्या आधीचे दोन महिने माझे शिक्षक वॉर्डातून उठून संगणकापुढे बसत. मी तेव्हा त्याला व्यवस्थापन समजत होते. शेवटच्या चार वर्षांत मी एकच बदल केला आणि तो आधी करायला हवा होता: एका लिपिकाला फक्त नर्सिंग विभागाच्या नोंदींसाठी नेमून घेतले. हजेरी, रोटेशन, गुण, सभांचे वृत्तान्त हे त्याने रोजच्या रोज लावायचे. संस्थाचालकांना पटवताना मी शिक्षणाचा आदर्श सांगितला नाही. एका सहायक प्राध्यापकाच्या तासाला संस्था किती पैसे मोजते आणि लिपिकाच्या तासाला किती, एवढे कागदावर मांडून दाखवले. पुढच्याच महिन्यात जागा मंजूर झाली.

समन्वयक बाईंना माझा आग्रहाचा सल्ला असा की, रोटेशन प्लॅन आखताना विद्यार्थ्यांच्या रकान्याआधी शिक्षकांचा रकाना भरा. आपण उलटे करतो. आधी तुकड्या वॉर्डांत वाटतो आणि मग उरलेल्या शिक्षकांना ओढून ताणून त्यांच्यावर पसरतो. ज्या वॉर्डाला शिक्षक देता येत नाही, त्या वॉर्डात त्या आठवड्यात तुकडी पाठवूच नये. तिला कौशल्य प्रयोगशाळेत ठेवावे आणि पुतळ्यावर रिटर्न डेमो (दाखवलेली प्रक्रिया विद्यार्थिनीकडून करून घेणे) घ्यावा. प्रात्यक्षिक परीक्षेत आता ओ.एस.सी.ई. (एकेका ठिकाणी एकेक कौशल्य ठरलेल्या निकषांवर तपासण्याची पद्धत) आहेच, तेव्हा तो वेळ वाया जात नाही. चार वॉर्डांत कोणी न पाहता काढलेल्या आठवड्यापेक्षा दोन वॉर्डांत नीट पाहिलेला आठवडा माझ्या मते कितीतरी मोलाचा आहे. आणखी एक. इन-चार्ज सिस्टरना वर्षातून एकदा 12 मेच्या (जागतिक परिचारिका दिनाच्या) कार्यक्रमाला बोलावून गुलाबाचे फूल देण्याऐवजी महिन्यातून एकदा अर्धा तास तुमच्या बैठकीला बोलवा, आणि येण्या-जाण्याची सोय करा.

शुश्रूषा

धागा काढून तीन महिने झाले. काय झाले आणि काय झाले नाही ते लिहिते.

बस आता सातला निघते. त्यासाठी वाहतूक विभागाशी दोन वेळा आणि संस्थेच्या सचिवांशी एकदा बोलावे लागले. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराने नाश्ता साडेसहाला द्यायचे मान्य केले, तेव्हा कुठे ते जमले. मुली पावणेआठला वॉर्डात असतात आणि खाटेपाशी हँडओव्हर ऐकतात. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. दुसऱ्या आठवड्यात एका मुलीने मला सांगितले की रात्री कोणत्या रुग्णाला ताप आला होता हे माहीत असले की सकाळी त्याच्याशी काय बोलायचे ते सुचते.

लॉगबुकात आम्ही तीन रकाने वाढवले आहेत: तारीख, रुग्णाचा नोंदणी क्रमांक, आणि प्रक्रिया पाहिली, मदत केली की स्वतः केली. सही त्याच दिवशी करायची आणि ती शिक्षिकेची किंवा वॉर्डच्या इन-चार्जची चालेल असे मेट्रनशी लेखी ठरले. शनिवारी दुपारी लॉगबुके पाहतो. ट्यूटर ताई, पहिल्या शनिवारी जवळजवळ सगळी पाने कोरी होती आणि मला ती पाहून धक्का बसला, पण आता कोणाला कोठे पाठवायचे हे त्या कोऱ्या जागाच सांगतात. राहिलेल्या प्रक्रिया पुढे भरून काढण्याच्या पत्रावर प्राचार्यांनी सही केली आहे. ते पत्र ट्यूटरांच्या खोलीत लावले आहे, म्हणजे कोणावरही तोंडी दबाव येऊ नये.

केअर प्लॅनची संख्या विद्यापीठाने मागितली आहे तेवढीच ठेवली. आम्ही आमच्या हौसेने वाढवलेले बंद केले. जे लिहायचे ते त्याच रुग्णाच्या खाटेपाशी बसून, त्याला विचारून लिहायचे. लिपिकाची जागा अजून मंजूर झालेली नाही. निवृत्त मॅडमनी सांगितलेली पैशांची तुलना करून मी कागद पुढे पाठवला आहे.

लेबर रूमचा प्रश्न सुटलेला नाही. प्रसूती विभागाच्या इन-चार्ज सिस्टरचे म्हणणे असे की, रुग्ण बाईची आणि तिच्या घरच्यांची परवानगी आधी कोणी विचारायची हे ठरवा, मग मुलांना आत घेण्यास माझी हरकत नाही. पुढच्या महिन्यापासून प्रसूतिपूर्व तपासणीच्या ओपीडीत शिक्षिका आणि विद्यार्थी मिळून बायकांशी बोलतील आणि जी हो म्हणेल तिच्या कागदावर तशी नोंद होईल, असे तूर्त ठरले आहे. ज्यांच्याकडे हे आधीपासून चालते त्यांनी त्या नोंदीचा मजकूर येथे दिला तर आमचे काम सोपे होईल.

इन्सुलिनची ती विद्यार्थिनी आता सहाव्या सत्रात आहे. तिने औषधांच्या ट्रॉलीवर इन्सुलिनच्या डब्याला एक पुठ्ठा बांधला आहे, ज्यावर लाल टोपण आणि नारिंगी टोपण खरोखरच चिकटवलेले आहे आणि प्रत्येकाखाली 40 आणि 100 असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. परवा मेडिसिनच्या इन-चार्ज सिस्टरनी तसाच दुसरा पुठ्ठा शेजारच्या वॉर्डासाठी मागितला.